केशराने विसरणे टळते का?

तीर्थपुरी परिसरात ज्येष्ठांच्या घरी गेले की हा प्रश्न हमखास येतो : "ताई, माय सारखी विसरायली. केशराचं माजून सुरू करावं का?" माजून म्हणजे युनानीतले मधात कालवलेले चाटण.

प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे युनानीला राजाश्रय होता. ग्रीक मुळाचे हे वैद्यक अरब आणि इराणी वैद्यांनी वाढवले. मात्र औषध जुने आहे म्हणून ते गुणकारी ठरत नाही. परंपरा आहे म्हणून मानू नका, हे कालाम सुत्त आपल्याला सांगतेच.

मग तपासायचे कसे? रुग्णांचे दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही माहीत नसते. तेहरानमध्ये केशराची अशी चाचणी झाली. २०१० साली तिचे निष्कर्ष आले : अल्झायमरच्या ४६ रुग्णांपैकी रोज ३० मिलिग्रॅम केशर घेणाऱ्यांची स्मरणशक्ती १६ आठवड्यांनी तुलनेने बरी होती.

निष्कर्ष आशादायक आहे, पण माणसे थोडी आणि काळ अपुरा. मुख्य म्हणजे हे सगळे आधीच आजारी होते. आजार होऊच नये यासाठी केशर चालते, हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी हजारो लोक आणि कित्येक वर्षे लागतात. अमेरिकेत गिंकगो या वनस्पतीची तशी चाचणी झाली. ७५ वर्षांवरील ३,०६९ जणांवर सुमारे सहा वर्षे लक्ष ठेवले. २००८ साली उत्तर आले : स्मृतिभ्रंश टळला नाही.

मग टाळता येण्यासारखे काय आहे? लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश १४ धोक्यांशी जोडलेला आहे. त्यात रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, दारू, कमी ऐकू येणे, एकटेपणा आहे आणि लहानपणी न मिळालेले शिक्षणही आहे. आपल्या आज्यांना शाळा नाकारली गेली, त्याची किंमत त्यांचा मेंदूही मोजतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, केशरावर पैसे घालण्याआधी मायला आरोग्य केंद्रात न्या. रक्तदाब, साखर, कान, डोळे तपासून घ्या. विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडही असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांची सुरू असलेली औषधे बंद करू नका. आणि वस्तीतली एकही मुलगी शाळेबाहेर राहणार नाही, हे पाहा. तिच्या म्हातारपणाची काळजी तिथूनच सुरू होते.