बोट सुटायला ४३ दिवस

आमच्या फ्रिजवर सध्या दुधाच्या हिशोबाशेजारी एक कागद चिकटवलाय. रोज सकाळी चहा ठेवला की आई त्यावरचा आकडा खोडते आणि खाली नवा लिहिते. आज ४३ आहे. त्रेचाळीस दिवसांनी आम्ही तिघं, म्हणजे आई, बाबा आणि मी, बार्सिलोनाच्या बंदरातून एका भल्यामोठ्या जहाजावर चढणार. सात रात्री, मार्सेय, जिनोआ, नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा, मग एक अख्खा दिवस नुसता समुद्र आणि परत बार्सिलोना. मैत्रिणींना सांगताना मी ‘मेडिटरेनियन क्रूझ’ हे शब्द जरा ताणूनच म्हणते. का नाही म्हणायचे? तीन वर्षं रिकरिंग भरलंय त्यासाठी, तेही फ्रीलान्सच्या चेकची वाट बघत बघत.

बाबा मात्र ‘क्रूझ’ म्हणत नाहीत. ते ‘बोट’ म्हणतात.

कारण त्यांनी चोवीस वर्षं बोटीवर काढलीत. रत्नागिरीकडच्या आणि गोव्याच्या घराघरांतून एकेक माणूस बोटीवर असतो, तसे आमच्या घरातले बाबा. १९९१ मध्ये साइन ऑन केलं ते गॅलीत भांडी घासायला, २०१५ मध्ये उतरले ते कूक म्हणून. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याचे सातही दिवस ड्युटी, मग दोन महिने घरी. माझ्या दहावीच्या निकालाला ते नव्हते, आजी गेली तेव्हाही नव्हते. माझ्या लहानपणी बाबा म्हणजे एसटीडी बूथवरून येणारा आवाज आणि चॉकलेटांचा वास असलेली बॅग.

तर हा माणूस भूमध्य समुद्रात किती वेळा गेला असेल, त्याचा हिशोब त्यालाही लागत नाही. आणि बघितलंय काय? मी एकदा वही घेऊन बसले. बार्सिलोना : बंदराबाहेरचा फोन बूथ. तिथे जुने पाहुणे उतरायचे, नवे चढायचे, पुढच्या आठवड्याचं सामान भरायचं, त्यामुळे गॅलीवाल्यांना सुट्टी नसे. जिनोआ : एक सुपरमार्केट, तिथे शॅम्पू स्वस्त. नेपल्स : सामान चढवायचा बाजूचा दरवाजा उघडला की समोर व्हेसुव्हियस. ‘किती वेळ दिसायचा?’ मी विचारलं. ‘बटाटे येईपर्यंत,’ बाबा म्हणाले.

‘मला वाढणार कोण?’

तुम्हाला वाटेल, आईबाबांना सरप्राइज दिलं, डोळ्यांत पाणी वगैरे. अजिबात नाही. मी पॅकेजचा प्रिंटआउट समोर ठेवला तर बाबा म्हणाले, ‘तुम्ही दोघी जा.’ मग पेपर उघडून बसले. आईने दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी जेवताना ते एकदम बोलले, ‘मी टेबलावर बसायचं आणि मला वाढणार कोण? आपल्याच गावचा कोणीतरी पोरगा?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मास कॉमच्या डिग्रीत हे शिकवत नाहीत.

आठवडाभर विषय बंद. मी मनातल्या मनात गोव्याची बुकिंग बघायला लागले होते. मग एका रात्री मी लॅपटॉपवर असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. ‘केबिन कुठली घेतलीस?’ मी म्हटलं, आतली. म्हणजे इनसाइड, खिडकी नसलेली. ती सगळ्यात स्वस्त. झोपायलाच तर जायचंय खोलीत.

‘खिडकीवाली घे.’

‘बाबा, बजेट...’

‘चोवीस वर्षं पाण्याखाली झोपलोय. सकाळ झाली की रात्र आहे, ते घड्याळ बघून कळायचं. खिडकीवाली घे. वरचे पैसे मी देतो.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी एफडी मोडली आणि मला चेक दिला. एवढाच त्यांचा होकार. आता आमची केबिन खिडकीवाली आहे. खिडकी उघडत नाही, बाल्कनी नाही, पण बाहेरचं दिसतं. तिसरा बेड भिंतीतून खाली येतो, तो माझा.

रोम म्हणजे रोम नव्हे

तुमच्यापैकी कोणी असलं काही प्लॅन करत असेल तर एक फुकटचा सल्ला. ब्रोशरमध्ये शहराच्या नावाशेजारी कंसात काय लिहिलंय ते आधी वाचा. ‘रोम’ म्हणजे सिव्हिटावेकिया, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. ‘व्हेनिस’चा तर विषयच वेगळा : १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे व्हेनिसची म्हणून विकलेली क्रूझ रावेन्ना किंवा ट्रिएस्टहून सुटू शकते. कर्जतचा फ्लॅट ‘मुंबईपासून हाकेच्या अंतरावर’ म्हणून विकतात, त्यातलाच प्रकार. आम्ही मुद्दाम असा रूट निवडला की बरीचशी शहरं बंदराला लागूनच आहेत.

पॅकेजच्या आकड्यावरही जाऊ नका. जेवण त्यात आहे. पण वायफाय, कोल्ड्रिंक, बंदरावरच्या टूर्स सगळं वेगळं. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागतो आणि बिल बघून घेरी येते. शिवाय दर माणशी, दर रात्री दहा-पंधरा युरो टिप बिलात आपोआप चढते. बऱ्याच जहाजांवर काउंटरवर जाऊन ती काढून टाकता येते आणि पैसे वाचवायची ही युक्ती लोक मोठ्या अभिमानाने एकमेकांना सांगतात. मीही ती बाबांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला. ‘ते पैसे काढलेस तर मी बार्सिलोनातूनच परत येईन.’ विषय संपला.

आणखी एक : बंदरावर स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात आणि उशीर केलात, तर जहाज थांबत नाही. त्यांच्या टूरवर असाल तर थांबतं. धावत येणारे प्रवासी आणि सुटणारं जहाज, असे व्हिडिओ यूट्यूबवर ढीगभर आहेत. आई ते रात्री जेवल्यावर सीरियलसारखे बघते आणि मग तिला झोप लागत नाही.

मार्सेयचं पाणी

मराठी माणसाला मार्सेय हे नाव माहीत नाही असं होत नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकात ते ‘मार्सेलिस’ होतं. ८ जुलै १९१०, ‘मोरिया’ बोट, सावरकर पोर्टहोलमधून पाण्यात उतरले, पोहत धक्क्याला लागले, पकडले गेले, आणि फ्रान्सच्या जमिनीवरून ब्रिटिशांनी त्यांना नेणं योग्य की अयोग्य हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यामुळे आमच्या गावाकडे त्यांच्या गोष्टी घरातल्या माणसासारख्या सांगतात.

बाबांची बोट पहिल्यांदा मार्सेयला लागली, तेव्हा क्रूमधली रत्नागिरीची चार पोरं ड्युटी संपल्यावर क्रूच्या डेकवर जाऊन कठड्यावरून खाली बघत होती. ‘उंची बघत होतो,’ बाबा म्हणाले. राजकारण त्यांना कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. पण एवढ्याशा गोल खिडकीतून माणूस बाहेर पडला कसा, हे बोटीवरच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त छळत असणार. आता क्रूझची जहाजं जुन्या बंदरापासून बरीच लांब लागतात. शटल बस घेऊन आत जावं लागतं. आम्ही जाणार आहोत. बाबांना जुन्या बंदरावर बसून मासळीचं काहीतरी खायचंय, ‘दुसऱ्याने केलेलं’.

जिनोआ ते नेपल्स ही रात्र मला जरा जड जाईल असं वाटतं. वाटेत तो समुद्र लागतो, ज्यात जिल्यो नावाचं बेट आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ तिथल्या खडकांवर आपटली आणि ३२ माणसं गेली. तिच्यावर जवळपास दोनशे भारतीय कामाला होते. मुंबईचा एक वेटर शेवटपर्यंत बेपत्ता होता. त्याचे अवशेष सापडले ते २०१४ च्या नोव्हेंबरात, जिनोआच्या बंदरात जहाज तोडत असताना. बाबा तेव्हा दुसऱ्याच बोटीवर, दुसऱ्याच समुद्रात होते. पण टीव्हीवर आडवं पडलेलं पांढरं जहाज बघत आई दोन दिवस सोफ्यावरून उठली नव्हती. बाबांचा फोन आला तेव्हा ती काहीच बोलली नाही, फक्त ‘जेवलात का?’ म्हणाली.

त्या दिवशी सिव्हिटावेकियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांचं सेफ्टी ड्रिल झालंच नव्हतं. तेव्हाच्या नियमाने ते चोवीस तासांत केलं तरी चालायचं. आता जहाज हलण्याआधीच करावं लागतं. बरेच लोक ते कंटाळत उरकतात. आमच्या घरी ते आत्ताच सुरू झालंय. लाइफजॅकेटचा पट्टा कसा आवळायचा, हे बाबांनी आईला स्कूटरच्या रेनकोटवर शिकवलं.

नेपल्सचा दिवस पूर्ण बाबांचा. ते आणि व्हेसुव्हियस, यावेळी बटाट्यांशिवाय. इसवी सन ७९ मध्ये त्याच्याच राखेखाली गेलेलं पॉम्पेई बघायला लोकल ट्रेन आहे, आणि ती आपल्या लोकलइतकीच भरते म्हणतात, त्यामुळे डोंबिवलीकरांना चिंता नाही. तिकीट मात्र आधी काढा : नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं. बाबांना मंदिरं, चित्रं यात रस नाही. तिथे बेकरीच्या भट्ट्या जशाच्या तशा आहेत, जळून कोळसा झालेले पाव सापडलेत, आणि रस्त्याला लागून गरम जेवण विकणाऱ्या टपऱ्या आहेत, दगडी ओट्यात मडकी बसवलेल्या. त्यातली एक २०२१ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिचा फोटो दाखवला तर बाबांनी तो झूम करकरून बघितला आणि म्हणाले, ‘ओटा बुटका आहे. पाठ गेली असेल बिचाऱ्याची.’

मेसिनाबद्दल मला फार माहिती नाही. दुपारी बाराला चर्चच्या घड्याळावर सिंह गरजतो आणि कोंबडा आरवतो, तेवढं बघायचं. व्हॅलेटातही दुपारी तोफ उडते. आईला दोन्ही वेळा कान झाकायला रुमाल हवाय.

बार्सिलोनाचं मात्र मनाला लागून राहिलंय. २०२४ च्या जुलैमध्ये तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून टुरिस्टांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. घरभाडी परवडेनात, शहर आपलं राहिलं नाही, ही तक्रार. २०२५ मध्ये शहराने क्रूझची टर्मिनल्स २०३० पर्यंत सातावरून पाचावर आणायचं ठरवलं. सकाळी उतरून संध्याकाळी जाणारे हजारो लोक कचरा जास्त आणि पैसे कमी टाकतात, हे आपल्याला अलिबाग-महाबळेश्वरवाल्यांनी सांगायची गरज नाही. म्हणून आम्ही आधी दोन रात्री तिथल्या एका छोट्या हॉटेलात राहणार आहोत. त्याने काही फार फरक पडतो असा माझा दावा नाही.

बोटांचे ठसे

आता खरी गोष्ट. व्हिसा अजून आलेला नाही.

आमचे सगळ्यात जास्त दिवस स्पेनमध्ये, म्हणून अर्ज स्पेनकडे. माणशी ९० युरो फी, किमान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स, बँकेची स्टेटमेंट्स, आणि फ्रीलान्सर असाल तर ‘आपण खरंच कमावतो’ हे सिद्ध करणारी फाइल. माझी फाइल ११२ पानांची झाली. फॉर्मवर प्रवासाचं कारण विचारतात. शिक्क्यांनी भरलेले जुने पासपोर्ट मांडीवर घेऊन बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘टुरिझम’च्या चौकोनात खूण केली. मग पेन खिशाला लावायचं विसरून हातातच धरून बसले.

आत गेलो, तर मशीन बाबांचे ठसे घेईना. एकदा, दोनदा, चारदा. मुलीने हात पुसायला दिले, क्रीम दिलं. चोवीस वर्षं साबणाच्या आणि कढत पाण्यात बोटं बुडालेली; रेषा उरल्यात कुठे? ‘अंकल, प्रेस हार्ड,’ ती म्हणत होती. बाबा दाबत होते. आमच्या मागे रांग वाढत होती, आणि मला उगाचच त्या मशीनचा राग येत होता. शेवटी सातव्या-आठव्या वेळेला काहीतरी उमटलं. ते पुरेसं आहे की नाही, हे आता माद्रिदवाल्यांना ठाऊक.

आज रात्री मी बाबांना आणखी एक सरप्राइज सांगून टाकलं. जहाजावर ‘बिहाइंड द सीन्स’ नावाची टूर असते, पैसे भरून गॅली वगैरे बघता येते. मी तिघांची काढली होती. म्हटलं, ते आईला दाखवतील, इथे मी उभा राहायचो, तिथे हे, इथे ते.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘तिथे काय बघायचंय? तिथे लोक काम करत असतात.’

मी फोन उघडला आणि टूर रद्द केली. आईने उठून फ्रिजवरचा आकडा उद्याचा आजच बदलला, ४२ केला. बाबा म्हणाले, ‘अगं, अजून बारा वाजायचेत.’