हावडा पुलाच्या तोलाचे गणित

कोलकाता आणि हावडा यांना जोडणारा, हुगळी नदीवरील रवींद्र सेतू ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्याच्या दोन मनोऱ्यांमधील अंतर ४५७ मीटर असून नदीपात्रात मधे एकही खांब नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी शिकवला जाणारा समतोलाचा नियम येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

प्रत्येक मनोऱ्यापासून नदीकडे सुमारे १४३ मीटर, तर काठाकडे सुमारे ९९ मीटर लांबीचा बाहू आहे. नदीकडील दोन्ही बाहूंच्या टोकांनी १७२ मीटरचा मधला भाग तोलून धरला आहे. त्याच्या स्वतःच्या वजनाचा निम्मा भार एकेका टोकावर येतो. बल गुणिले टेकूपासूनचे लंब अंतर म्हणजे परिबल. नदीकडील बाहू लांब, शिवाय त्याच्या टोकावर हा भार. साहजिकच काठाकडील टोक वर उचलले जाऊ पाहते. म्हणून ते पायात जखडलेले आहे. आधार नेहमी वरच्याच दिशेने रेटा देतो, हा विद्यार्थ्यांचा लाडका समज येथे कोलमडतो!

पुलावरील रस्ता वरच्या सांगाड्याला ३९ जोड हँगरांनी टांगलेला आहे. पानाच्या पिंकांमुळे या हँगरांच्या तळाची पोलादी आवरणे झिजू लागल्याचे आढळल्यावर ती फायबरग्लासने झाकण्यात आली. ही काळजी अनाठायी नव्हती. प्रतिबल म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. गंज आत शिरून हँगरचा छेद निम्म्यावर आला, तर भार तोच राहूनही प्रतिबल दुप्पट होते.