स्वर तोच, वाद्य निराळे : दशावताराची पेटी आणि विजेची स्वरयंत्रे

एखादी जुनी धून पुन्हा वाजविली असता ती ‘तीच’ धून आहे, असे कशावरून ठरवावे? स्वरांचा क्रम, लय आणि ताल जुळले की धून जुळली, असे सामान्यतः मानण्यात येते. परंतु स्वर ज्या वाद्यातून उमटतो त्या वाद्याचा गुणधर्म हाही पुष्कळदा रचनेचाच भाग असतो. ही गोष्ट सिद्धान्त म्हणून सर्वमान्य असली, तरी जुने वाद्य बाजूला सारून नवे घेण्याची वेळ आली म्हणजे तिचा विसर पडतो. मालवण किनाऱ्यावरील दशावताराच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

तारकर्ली हे गाव मालवणच्या दक्षिणेस, कर्ली नदी आणि समुद्र यांमधून देवबागेकडे उतरणाऱ्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे. या परिसरात कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रांतून दशावतार, म्हणजेच लोकभाषेतील ‘धयकालो’, रात्रभर चालतो. आरंभी गणपती, सरस्वती आणि शंखासुर यांचा आडदशावतार व त्यानंतर पौराणिक आख्यान, अशी त्याची रचना असते. आख्यानाची संहिता परंपरेने लिहिलेली नसते; कथानक ठरलेले, संवाद मात्र नटांनी रंगमंचावरच रचावयाचे. साथीला पेटी, पखवाज आणि झांज एवढीच वाद्ये. लिखित आधार नसल्यामुळे पदांच्या चाली कानावाटेच पुढे जातात, आणि कानाने जे टिपले जाते त्यात चालीइतकाच पेटीचा आवाजही असतो. पेटी जड असते. खाऱ्या व दमट हवेत तिच्या पितळी सुरांवर कळंक चढतो, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. अशा स्थितीत हलका, भाता न लागणारा विजेचा कीबोर्ड सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. तो घेतल्याने नेमके काय बदलते, हे पाहिले पाहिजे.

या प्रश्नाचा उलगडा होण्यास एक दूरचे उदाहरण उपयोगी पडते. ते संगणकावरील जुन्या खेळांच्या संगीताचे होय. १९८३ मध्ये ‘मिडी’ नावाची संकेतपद्धती प्रचारात आली. तीत ध्वनी साठविलेला नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच तीत नोंदलेले असते. ही एक प्रकारची स्वरलिपीच होय. भातखंड्यांच्या स्वरलिपीत लिहिलेली चीज गायकाच्या गळ्यातून जशी सजीव होते, तसे हे संकेत एखाद्या ध्वनियंत्रात शिरल्यावरच ऐकू येतात. साहजिकच, यंत्र बदलले की संगीतही बदलते.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८७ मध्ये ‘एमटी-३२’ हे यंत्र काढले. वाद्याच्या ध्वनीचा प्रारंभीचा आघात त्यात मुद्रित नमुन्यावरून घेतलेला असे आणि त्यामागून येणारा लांब स्वर यंत्र स्वतः घडवीत असे. स्मृती महाग असण्याच्या त्या काळात ही युक्ती मोठी कुशल होती, कारण वाद्य ओळखण्यास कानाला आरंभीचा क्षणच बहुतांशी पुरेसा असतो. या यंत्रात १२८ तयार नाद होते. शिवाय खेळाच्या संगीतकारास स्वतःचे नवे नाद बाहेरून त्यात भरता येत. १९८८ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’ या मालिकेतील चौथ्या खेळापासून अनेक रचना याच यंत्रासाठी झाल्या.

१९९१ मध्ये त्याच कंपनीचे ‘साउंड कॅनव्हास एससी-५५’ हे यंत्र आले. त्याचे नाद मुद्रित नमुन्यांवर आधारलेले असल्याने पियानो, तंतुवाद्ये व तालवाद्ये खऱ्या वाद्यांच्या अधिक जवळची वाटतात. त्याच वर्षी कोणत्या क्रमांकास कोणते वाद्य, याचा सर्वसामान्य नियमही ठरला. मात्र एमटी-३२ ची क्रमवारी त्याहून वेगळी होती. त्यामुळे जुन्या यंत्रासाठी केलेली रचना नव्यावर जशीच्या तशी वाजविल्यास एका वाद्याच्या जागी भलतेच वाद्य बोलू लागते. जुन्या क्रमवारीचे अनुकरण करण्याची सोय नव्या यंत्रात ठेवलेली आहे. परंतु संगीतकाराने स्वतः घडविलेले नाद ते स्वीकारू शकत नाही. ज्या प्रसंगी वाऱ्याचा घोंघाट किंवा दाराची करकर व्हावयाची, तेथे एखादे सामान्य वाद्यच वाजते.

या दोहोंत श्रेष्ठ कोणते? निव्वळ नादाच्या अस्सलपणाचा विचार केल्यास एससी-५५ सरस आहे. १९९१ नंतर सर्वसामान्य नियमानुसार झालेल्या रचनांना तेच योग्य. परंतु एमटी-३२ साठी रचलेले संगीत एमटी-३२ वरच खरे वाजते. तात्पर्य, वाद्याची प्रत ही निरपेक्ष गोष्ट नव्हे. कोणत्या रचनेसाठी, हे सांगितल्यावाचून तिचा निर्णय होत नाही.

आता पेटीकडे वळू. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास सिद्ध केलेले हे वाद्य भारतात येऊन हातपेटी व पायपेटी या रूपांनी रुळले. मराठी संगीत रंगभूमीवर ऑर्गन व पेटी यांनी मोठे स्थान मिळविले. पेटीचा स्वर पितळी पट्टीच्या कंपनाने निर्माण होतो. ही पट्टी हवेच्या झोताने हळूहळू कंप पावू लागते. विशेषतः खर्जाचा सूर बोलण्यास किंचित वेळ घेतो. स्वर चालू असताना भात्याचा दाब कमीजास्त करून तो फुलविता किंवा आवरता येतो. नर, मादी व खर्ज असे सूर एकत्र बोलतात आणि त्यांतील अल्पशा फरकामुळे एक मंद आंदोलन ऐकू येते. हे आंदोलन प्रत्येक जुन्या पेटीचे स्वतःचे असते. साध्या कीबोर्डवर स्वराचा जोर पट्टी दाबतानाच ठरून जातो. पुढे तो वाढत नाही. विलापाच्या पदात शेवटचा स्वर भात्याने ओसरू देणे हा ज्या वादनाचा प्राण, तेथे ही उणीव लहान नव्हे.

तथापि न्याय दोन्ही बाजूंस मिळाला पाहिजे. पेटीचे स्वर समान अंतरांनी लावलेले असतात. षड्ज २४० आंदोलनांचा धरल्यास स्वयंभू गांधार ३०० आंदोलनांचा येतो. पेटीचा गांधार मात्र सुमारे ३०२.४ असतो. तो षड्जासह धरल्यास त्यांच्या वरच्या उपस्वरांत सेकंदास साडेनऊच्या आसपास ठोके पडतात. पंचमाच्या बाबतीत हेच ठोके सेकंदास एकाहूनही कमी असल्याने कानास खुपत नाहीत. या दोषावर उपाय म्हणून कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी करविली. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सुमारे तीन दशके टिकली. ज्या कीबोर्डवर प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वरखाली करता येतो, तेथे हा दोष काही क्षणांत दूर होतो. परंतु दशावतारी गायकाचा कान पेटीच्याच गांधाराशी जुळलेला असल्यास ‘शुद्ध’ केलेला गांधार त्यास परका वाटणे शक्य आहे. दुरुस्ती आणि निष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यावरून संग्रहाच्या कामाची दिशा सूचित होते. पदांची केवळ स्वरलिपी करणे पुरेसे नाही. ती मिडीच्या संकेतांप्रमाणे अर्धीच नोंद ठरेल. चालू स्थितीतील जुन्या पेट्यांचा प्रत्येक सूर मंद व भरल्या भात्याने, एकेरी व जोड अशा सर्व प्रकारे मुद्रित करावा. सूर पुन्हा लावण्यापूर्वीच हे व्हावे, कारण कानस एकदा फिरली की जुने आंदोलन परत येत नाही : पट्टीचे टोक घासल्यास स्वर चढतो, मूळ घासल्यास उतरतो, आणि दोन्ही वेळा धातू कायमचा जातो. त्यानंतर एकाच वादकाने तेच पद त्याच पट्टीत पायपेटीवर, हातपेटीवर आणि कीबोर्डवर, पखवाज व झांज यांच्या साथीने वाजवावे आणि कोणते वाद्य वाजत आहे हे न सांगता ते मंडळींतील जाणत्यांना ऐकवावे.

अशा मुद्रणांतून घडविलेला कीबोर्ड पुढे एखाद्या मंडळाने स्वीकारला, तर त्यात गैर काही नाही. एमटी-३२ चेही वर्तन आज संगणकीय प्रणालीद्वारे पुन्हा उभे करता आले आहे. पण मूळ यंत्रे अभ्यासास उपलब्ध होती म्हणूनच ते साधले. किनाऱ्यावरील पेट्यांच्या बाबतीतही क्रम हाच असावयास हवा : आधी जुन्या सुराची नोंद, मग नव्या वाद्याची निवड.