सिएराच्या आधीचा हौदा

२०२५च्या नोव्हेंबरात टाटांची नवी सिएरा मोटार बाजारात आली आणि जुन्या सिएराच्या आठवणींना पूर आला. मागची ती छताकडे वळलेली, न उघडणारी काच, तीनच दरवाजे, गावात पहिली कुणी घेतली होती... सगळं निघालं. सिएराची आई मात्र मालवाहू होती, हे फारसं कुणी काढलं नाही.

तिचं नाव टाटामोबाइल २०६. टाटांच्या टेल्को कंपनीनं पुण्यात घडवलेली, १९८८ची. टेल्कोच्या गाड्यांचे आकडे म्हणजे ढोबळ हिशोब असे, आधी टनातलं वजन, मग ताकद. १२१० म्हणजे बारा टन आणि शंभर अश्वशक्ती, चारशेसात म्हणजे चार टन आणि सत्तर. त्या हिशोबानं दोनशेसहा हे घरातलं शेंडेफळ.

तोवर टेल्को म्हणजे अवजड ट्रक. पण ऐंशीच्या दशकात टोयोटा, माझदा, मित्सुबिशी, निसान अशा जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून हलके ट्रक देशात येऊ लागले. टेल्कोचं उत्तर १९८६ची चारशेसात. तिनं काय केलं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही घाटात अजून दिसतं. त्याआधी १९८५मध्ये सरकारनं परवान्याची चौकट सैल केली होती. एका प्रकारची वाहनं बनवणाऱ्याला दुसऱ्या प्रकाराला हात घालता येणार होता. दोनशेसहा आली ती या फटीतून.

इंजिन १९४८ सीसीचं डिझेल, नाव ४८३. इथेही नावातच हिशोब: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न पडता आधी शेजारच्या छोट्या कप्प्यात पेटायचं. त्यामुळे धडधड कमी, पण थंडीत किल्ली अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. पहाटे मळ्यातून निघणाऱ्या माणसाला तेवढ्यात तंबाखू मळून व्हायची. पुढच्या चाकांना मोटारीसारखं स्वतंत्र सस्पेन्शन, मागे ओझं पेलायला पाटे. म्हणजे पुढून मोटार, मागून टेम्पो.

माझ्या मते या गाडीची खरी गोष्ट या जोडकामात आहे. टेम्पोत बसणारा माणूस ड्रायव्हर असतो. हिच्यात मालक बसू लागला. कापडवाला, बागायतदार, मंडपवाला, ज्याला ट्रकभर माल नाही पण चारचौघांत गाडीतून उतरायची हौस आहे, असा. सकाळी हौद्यात कोबीची पोती, संध्याकाळी हौदा धुऊन, सतरंजी टाकून पोरंटोरं लग्नाला. तेव्हा ते नियमात बसत होतं की नाही, हे विचारू नका.

मग टेल्कोनं तोच सांगाडा घेतला, हौदा काढला, वर छत चढवलं आणि १९९१मध्ये सिएरा उभी केली. १९९२ची इस्टेट तिची बहीण. ४८३ इंजिन पुढे १९९४च्या सुमोत गेलं, टर्बो लावून १९९८च्या सफारीतही. सुमो हे नाव सुमंत मुळगावकरांवरून आलं, हे आपण कौतुकानं सांगतो. टेल्कोला घडवणारे मुळगावकर १९८९मध्ये गेले. हौदेवाली त्यांच्या हयातीतली.

ती परदेशीही गेली. युरोपात टेल्कोलाइन, ब्रिटनमध्ये लोडबीटा. इकडे मात्र ती मोठी होत गेली: २०७ डीआय आली, तिला २९५६ सीसीचं ४९७ इंजिन. ताकद वाढली, आवाजही वाढला. आईची ऐट गेली आणि कष्ट तेवढे उरले, असं मला वाटतं. पुढे २००५मध्ये छोटा हत्ती हा चिमुकला टेम्पो आल्यावर किरकोळ माल तिकडे वळला. झेनॉन ही नव्या पिढीची पिकअपही आली. आता दोनशेसहा आणि २०७ कारखान्यातून निघत नाहीत.

जुन्या सिएरा लोक जपतात, रंगवून घेतात, मेळाव्यांना नेतात. दोनशेसहाच्या नशिबी ते नाही. मालवाहू गाडी झिजेपर्यंत वापरतात आणि मग भंगारात घालतात. हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एखादी दिसते का, ते मी आठवणीनं बघतो. मागे एकदा एक २०७ दिसली. फाळक्याची एक साखळी मूळची, दुसरीकडे सुतळीचा पीळ. फाळक्यावर 'आई-वडिलांचा आशीर्वाद', त्यातला 'आई' क्रेट घासून पुसट झालेला. हमालानं खिट्टी काढली, फाळका खाली आपटला आणि क्रेट सरकवायला सुरुवात केली.