खाणीतील दगडाची कापणी व संगणकीय प्रतिमान

गोंदिया जिल्ह्यातील आमगावचे नाव भूविज्ञानात एका अतिप्राचीन खडकसमूहास मिळालेले आहे. हा समूह मुख्यतः पट्टिताश्माचा आहे. पट्टिताश्मात फिक्या व गडद खनिजांचे पट्टे असतात. शिवाय इतर कठीण खडकांप्रमाणे त्यातही निसर्गतःच भेगा पडलेल्या असतात. परस्परांना साधारणपणे समांतर असलेल्या भेगांच्या समुदायास संधिसंच म्हणतात. अशा खडकातून अखंड ठोकळा काढावयाचा तर कापणीची दिशा कोणती असावी, हा खाणीतील मूलभूत प्रश्न होय.

पाथरवट हा प्रश्न पूर्वापार डोळ्याने व कानाने सोडवीत आला आहे. हातोड्याच्या नादावरून तो आतली भेग ओळखतो आणि त्या बेताने पाचर बसवितो. संगणकास मात्र मोजमापेच पुरवावी लागतात: प्रत्येक संधिसंचाची दिशा, त्याची नती आणि दोन भेगांमधील अंतर. त्यांवरून खडकाची त्रिमितीय आकृती उभी करतात. मग कापणीच्या रेषा थोड्याथोड्या वळवून प्रत्येक वेळी किती अखंड ठोकळे निघतात, ते मोजतात.

समजा, उभ्या समांतर भेगा २ मीटर अंतरावर आहेत व ठोकळा २ मीटर लांबीचा हवा आहे. कापणी भेगांना समांतर असेल तर रुंदीही २ मीटर मिळते. कापणी १५ अंशांनी वळल्यास ती सुमारे १.५३ मीटर, तर ३० अंशांनी वळल्यास १.१५ मीटर एवढीच उरते. म्हणजे केवळ दिशा चुकल्याने ठोकळा चाळीस टक्क्यांहून अधिक लहान होतो.

प्रश्न केवळ नासाडीचा नाही. कापणीमुळे आधार सुटलेला खंड खाली काम करणाऱ्यांवर घसरू शकतो. सुट्या खंडांच्या हालचालीचे गणित पीटर कंडल यांनी १९७१ मध्ये संगणकावर मांडले. कोणता खंड निसटू शकेल हे भेगांच्या भूमितीवरून ठरविण्याची रीत रिचर्ड गुडमन व गेन-हुआ शी यांनी १९८५ च्या ग्रंथात विशद केली.

तथापि मोजता येतात त्या बहुतांशी पृष्ठभागावरील भेगा. आतील भेगा संभाव्यतेच्या आधारे कल्पाव्या लागतात. म्हणून प्रतिमानाचे उत्तर निश्चित नसून संभाव्य असते. पाथरवटास ठोकून जाणवलेली भेग नकाशावर नोंदवून ते उत्तर पुनःपुन्हा तपासणे, हाच या पद्धतीचा योग्य उपयोग होय.