बोनेटखालचे तीस गीझर

चार सिलिंडरांचं इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या पोटात दर मिनिटाला ४,००० वेळा इंधन पेटतं. मालाडहून पश्चिम द्रुतगती महामार्ग धरायचा, दहिसर ओलांडायचं, अहमदाबादवरून वर जैसलमेर गाठायचं, तर अंतर होतं सुमारे अकराशे किलोमीटर. गाडी वीस तास चालली असं धरलं, तर टायरला वाळू लागायच्या आधीच आत ४८ लाख वेळा जाळ झालेला असतो. प्रत्येक जाळात वायूचं तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. इंजिनाचं हेड बहुतेक गाड्यांमध्ये ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. ते वितळत नाही याचं श्रेय सहा-सात लिटर कूलंटला आणि समोरच्या पातळशा जाळीला. एवढ्याशा सामग्रीवर किती भार असतो, याचा हिशोब मांडला की डोकं गरगरतं.

महिंद्राची थार घेऊ. नावच वाळवंटाचं, गाडी तयार होते नाशिकमध्ये, आणि मालाडला लागून असलेल्या कांदिवलीत कंपनीचा जुना कारखाना आहे. तिचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे ९७ किलोवॅटचं. एक लिटर डिझेलमध्ये वीजबिलाच्या भाषेत १० युनिट ऊर्जा असते. हे इंजिन पूर्ण ताकदीने तासभर चाललं तर २५ लिटर डिझेल, म्हणजे २५० युनिट लागतात. लहान कुटुंबाचा महिन्याभराचा विजेचा वापर इथे एका तासात संपतो. त्यातली ९७ युनिटं कामाला येतात. उरलेल्यातला मोठा वाटा सायलेन्सरमधून जातो आणि ढोबळमानाने ६० किलोवॅट उष्णता कूलंटच्या अंगावर पडते. बाथरूममधला गीझर २ किलोवॅटचा असतो. असे तीस गीझर एकाच वेळी चालू, आणि पाणी फक्त सहा-सात लिटर.

ते पाणी उकळत नाही, कारण ते थांबत नाही. वॉटर पंप मिनिटाला शंभर लिटरच्या घरात पाणी ढकलतो. म्हणजे सगळं कूलंट चार सेकंदांत एक फेरी पूर्ण करतं आणि दर फेरीत रेडिएटरमध्ये जेमतेम १० अंश गार होतं. पाण्याची बाजू भक्कम आहे. लंगडी बाजू हवेची. तितकीच उष्णता वाहून न्यायला पाण्याच्या सुमारे साडेतीन हजार पट आकारमानाची हवा लागते. जाळीतून जाताना हवा २५ अंशांनी तापते असं धरलं, तर ६० किलोवॅटसाठी सेकंदाला दोन घनमीटरहून जास्त हवा हवी. मालवणीतल्या दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा या जाळीने सोळा सेकंदांत ओढून घ्यायची, मग पुढच्या सोळा सेकंदांत दुसऱ्या खोलीतली, आणि चढ संपेपर्यंत असंच.

वाळवंटात गाडी तापते ती उन्हाने, असं आपण गृहीत धरतो. माझ्या मते हा समज मागे सोडूनच निघायला हवं. भारतात नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान ५१ अंश, राजस्थानात फलोदीला, १९ मे २०१६ रोजी. रेडिएटरची ताकद आतल्या-बाहेरच्या तापमानांतल्या फरकावर चालते. कूलंट १०० अंशांवर असेल, तर मालाडच्या ३४ अंशांत हा फरक ६६ येतो आणि फलोदीच्या त्या दुपारी ४९. म्हणजे देशातल्या सर्वांत भयंकर उन्हानेही रेडिएटरची चौथा हिस्सा ताकद जाते, तीन चतुर्थांश शाबूत राहते. आणि जानेवारीत तर जैसलमेरची दुपार सरासरी २४ अंशांच्या आसपास असते, आपल्याकडे तेव्हा ३१ असतात. हवा मालाडपेक्षा गार, तरी वाळूच्या टेकड्यांवर गाड्या उकळतात. दोष वाळूचा आणि अडलेल्या वाऱ्याचा आहे.

माणसं-सामान धरून २,१०० किलोची गाडी डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने चालवायला दीड किलोवॅटही लागत नाही. तीच गाडी त्याच वेगाने मऊ वाळूत, सपाटीवर चालवायला तेवीसच्या आसपास किलोवॅट लागतात, कारण चाक दर वितीवर वाळू दाबतं, सारतं, पुन्हा दाबतं. हायवेवर ताशी ९०च्या वर धावताना एवढी ताकद लागते. म्हणजे इंजिन नव्वदीचे कष्ट करतं आणि जाळीवर वारा येतो विशीचा. आता २० अंशांची चढण जोडा. चाकांशी साठच्या वर किलोवॅट लागतात, आणि गिअर, ॲक्सल व घसरणारी चाकं आपला वाटा घेतात तो धरला तर इंजिन जवळपास पूर्ण ताकदीला भिडतं. अशा वेळी पाठीमागून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर गाडीच्या तोंडावर येणारा वारा होतो शून्य. सगळा भार एकट्या फॅनवर.

हवा पुरती थांबली तर किती वेळ मिळतो? इंजिनाचा दोनेकशे किलो धातू आणि कूलंट मिळून एका अंशाने तापायला सुमारे १५० किलोज्यूल लागतात. साठ किलोवॅटपैकी काहीच बाहेर गेलं नाही, तर दर सेकंदाला ०.४ अंश. नव्वदवरून एकशेवीसवर जायला सव्वा मिनिट. फॅन चालू असला की हा वेळ वाढतो, पण वाळूत रुतलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून बसणाऱ्याला एवढीच फुरसत असते. एक टेकडी चढायला वीस-तीस सेकंद पुरतात, त्यामुळे एका प्रयत्नात सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते लागोपाठच्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नात, कारण प्रत्येक वेळची उष्णता मागच्या उष्णतेवर चढते. म्हणून माथ्यावर पोचल्यावर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून दोन मिनिटं आयडलवर उभं राहणं ही चैन समजू नका.

इंजिन थंड ठेवायचा सर्वांत स्वस्त उपाय बोनेटखाली नाहीच, तो टायरमध्ये आहे. हवा ३२ पीएसआय असताना या गाडीचं प्रत्येक चाक जमिनीवर साधारण २३० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतं. हवा १६ वर आणली की जागा दुप्पट होते, चाक कमी रुततं, लागणारी ताकद घटते आणि तितकी उष्णता जन्मालाच येत नाही. पहाटेची वाळू घट्ट असते, तेव्हा चढणी आधी उरकाव्यात. डांबरावर परतताना हवा पुन्हा भरायला पंप मात्र सोबत हवा, नाहीतर महामार्गाच्या वेगात टायरच तापून फाटतो. सरावाला आक्सा चौपाटी जवळ आहे असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ती माणसांची जागा आहे, आणि भरतीचं पाणी रुतलेल्या गाडीसाठी थांबत नाही.

वाळवंटाची खरी पूर्वपरीक्षा मालाडमध्येच होते, मे महिन्यात, महामार्गावर पठाणवाडीजवळ किंवा एस. व्ही. रोडवर. एसी लावून उभी असलेली गाडी तासाला पाऊण लिटर इंधन जाळते असं धरलं, तर सुमारे सात किलोवॅट उष्णता सोडते. एक किलोमीटर लांब, पाच रांगांच्या जॅममध्ये साडेसातशे गाड्या मावतात. त्या मिळून पाच हजार किलोवॅट उष्णता हवेत फेकतात, आणि त्याच हवेवर प्रत्येकीने गार व्हायचं असतं. तरीही यातली धडधाकट गाडी तापत नाही, कारण तिच्या कूलंटवर सातातले तीनेक किलोवॅटच येतात. वाळूतल्या भाराचा हा विसावा हिस्सा. म्हणून जी गाडी मालाडच्या जॅममध्ये काटा वर चढवते, ती जैसलमेरला न्यायचीच नाही. आधी फॅन, बेल्ट, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मेकॅनिकला दाखवायचे.

रेडिएटर आतून का चोंदतो हेही बघण्यासारखं आहे. कूलंट कमी झालं की बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी ओतलं जातं. त्यातला क्षार आत बसतो. एक मिलिमीटरचा थर उष्णतेला दहा सेंटिमीटर जाड ॲल्युमिनियमइतका अडवू शकतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, एवढा साधा नियम आहे. तो पाळला तर द्रावण उघड्यावर १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि १५ पीएसआयच्या झाकणाखाली १२९पर्यंत तग धरतं. नुसत्या पाण्याला त्याच झाकणाखाली १२०च. बाहेरून जाळीवर माती, किडे, गवताचं बी बसतं, ते आतून बाहेर पाणी मारून काढावं. आणि पुढच्या बंपरवर शोभेसाठी लावलेले मोठाले दिवे सरळ उतरवावेत. जाळीपुढचा प्रत्येक चौरस इंच तिथे हवेसाठी मोकळा हवा.

काटा चढू लागला तर आधी एसी बंद, मग हीटर पूर्ण चालू आणि काचा खाली. हीटर आतल्या छोट्या जाळीतून पाचेक किलोवॅट बाहेर काढतो, म्हणजे तिसांतले अडीच गीझर. अंगाची लाही होते, पण इंजिन वाचतं. कूलंट गळत नसेल तर इंजिन लगेच बंद करू नये. पंप थांबला की धातूतली उष्णता जागच्या जागी पाण्यात उतरते आणि हेड गॅस्केट उडते. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र ताबडतोब बंद.

आणि झाकण. दाबाखाली १२० अंशांवर असलेल्या सहा लिटर पाण्याचं झाकण उघडलं, की त्यातलं पावशेरभर पाणी तत्क्षणी वाफ होतं आणि साडेतीनशे लिटरच्या वर पसरतं, तेही उघडणाऱ्याच्या तोंडासमोर. वरचा होजपाइप हाताने दाबता येईल इतका गार झाल्यावर, निदान अर्ध्या-पाऊण तासाने, जाड फडकं धरून आधी थोडंसंच फिरवायचं, फुसकारा संपू द्यायचा आणि मग झाकण काढायचं.