सत्तेवरील अंकुश

राज्यकर्त्याच्या हाती सैन्य असते, खजिना असतो आणि अपराध्याला शिक्षा करण्याचा अधिकारही असतो. प्रजेपैकी कोणी अपराध केला, तर राज्यकर्ता त्याचा न्याय करतो. परंतु खुद्द राज्यकर्त्यानेच अपराध केला, तर त्याचा न्याय कोणी करावयाचा? हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडमध्ये तो तेराव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. महाराष्ट्रात तो इ. स. १७७३ मध्ये उभा राहिला. महाराष्ट्रात त्याला उत्तर देणाऱ्यांमध्ये आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील, म्हणजे कृष्णाकाठच्या माणसांचा मोठा वाटा होता.

प्रथम इंग्लंडचा वृत्तांत पाहू. इ. स. ११९९ मध्ये जॉन हा तेथील गादीवर बसला. त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा आर्थर हाही गादीचा हक्कदार होता. इ. स. १२०२ मध्ये जॉनने या पुतण्याला कैद केले आणि पुढच्या वर्षी तो बंदिवासातून नाहीसा झाला. जॉननेच त्याचा घात केला, असे लोक बोलू लागले. पुढे जॉनचे धर्मपीठाशीही वितुष्ट आले. कँटरबरीच्या मुख्य धर्मगुरूच्या जागी पोपने स्टीफन लँग्टन या विद्वानाची निवड केली, ती जॉनने मानली नाही. तेव्हा पोपने इ. स. १२०८ मध्ये इंग्लंडमधील चर्चची नित्य उपासना बंद करविली. अखेर इ. स. १२१३ मध्ये जॉनला नमते घ्यावे लागले.

सरदारही त्याच्यावर संतापलेले होते. परदेशातील युद्धांसाठी तो त्यांच्याकडून भारी पैसा उकळीत असे. शेवटी ते एकत्र आले, त्यांनी लंडन शहर हस्तगत केले आणि जून १२१५ मध्ये थेम्स नदीकाठी रनीमीड येथील कुरणात जॉनला एका सनदेला मान्यता देणे भाग पाडले. ही सनद ‘मॅग्ना कार्टा’ म्हणजे महासनद या नावाने प्रसिद्ध आहे. कोणाही स्वतंत्र माणसाला कायदेशीर निवाड्यावाचून कैद करू नये, न्याय कोणाला विकू नये किंवा नाकारू नये, अशी कलमे तिच्यात आहेत. ही सनद तयार करण्याच्या वाटाघाटींत लँग्टन याने महत्त्वाचा भाग घेतला. राजादेखील कायद्याने बांधलेला आहे, हे तत्त्व त्या दिवशी कागदावर आले.

त्यानंतर साडेपाचशेहून अधिक वर्षांनी महाराष्ट्रात जवळजवळ तसाच प्रसंग घडला. त्या वेळी मराठी राज्याचे छत्रपती साताऱ्यास राहत आणि राज्याचा कारभार त्यांचे पंतप्रधान म्हणजे पेशवे पुण्याहून चालवीत. पेशवा कितीही पराक्रमी असला, तरी छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाल्यावाचून तो पेशवा होत नसे. नोव्हेंबर १७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे वारले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. ते अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, हे शूर परंतु महत्त्वाकांक्षी होते. पेशवाई आपल्याला मिळावी, ही त्यांची इच्छा जुनी होती. नारायणरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले होते.

वाड्याच्या बंदोबस्तास गारदी नावाचे भाडोत्री शिपाई असत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, पगार थकल्याचे निमित्त करून, गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्यांकडे गेले आणि त्यांनी त्यांना मिठी मारली. परंतु गारद्यांनी तेथेच त्यांचा वध केला. गारद्यांशी राघोबादादांचे संधान होते. त्यांचा बेत पुतण्याला केवळ पकडण्याचा होता की मारण्याचा, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. आज्ञापत्रातील ‘धरावे’ या शब्दाचा कोणी ‘मारावे’ असा पालट केला, ही कथा परंपरेने चालत आली आहे. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार तिच्यातूनच मराठीत रूढ झाला.

वधानंतर सारा अधिकार राघोबादादांच्या हाती गेला. पुणे स्तब्ध झाले. गारद्यांची शस्त्रे आणि नव्या धन्याचा दरारा यांपुढे बोलण्याचे धैर्य कोणाला होणार? अशा वेळी एक मनुष्य पुढे आला. ते होते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे.

रामशास्त्री हे साताऱ्याजवळील माहुली गावचे. तेथे कृष्णा व वेण्णा या नद्यांचा संगम आहे. लहानपणी त्यांचे शिक्षण झाले नव्हते. पोटासाठी ते साताऱ्यातील एका सावकाराच्या घरी चाकरीस होते, असे सांगतात. पुढे त्यांनी काशीस जाऊन धर्मशास्त्राचे अध्ययन केले आणि केवळ विद्वत्तेच्या बळावर न्यायाधीशपद मिळविले. त्यांना कोणाकडून काही घेण्याची हाव नव्हती, म्हणून कोणाचे भयही नव्हते. माधवराव पेशव्यांसारख्या धन्यालाही त्याची चूक दाखविण्यास ते कचरत नसत.

रामशास्त्र्यांनी खुनाची चौकशी सुरू केली. साक्षी व पुरावे तपासल्यावर या कटाचा धागा राघोबादादांपर्यंत पोहोचतो, असा त्यांचा निष्कर्ष झाला. तो त्यांनी त्यांच्या तोंडावर सांगितला. या पातकाला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निवाडा त्यांनी दिल्याचे परंपरा सांगते. ज्याच्या हाती राज्य आहे, त्यालाच न्यायाधीशाने अपराधी ठरवावे, ही असामान्य गोष्ट होती. निवाडा अमलात आणण्याचे सामर्थ्य शास्त्रीबुवांजवळ नव्हते. परंतु अपराध्याची सेवा न करण्याचे स्वातंत्र्य त्यांच्याजवळ होते. त्यांनी पद सोडले आणि ते पुणे सोडून निघून गेले.

राघोबादादांनी मात्र साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणविली. त्या काळी गादीवर छत्रपती रामराजे होते; परंतु प्रत्यक्ष सत्ता पुण्याकडे असल्याने वस्त्रे नाकारणे त्यांना शक्य नव्हते. अशा रीतीने साताऱ्याची संमती हा अंकुश त्या वेळी निरुपयोगी ठरला. निवाडा झाला होता, पण अपराधी पेशवा म्हणून मिरवीत होता.

येथून दुसरी शक्ती पुढे आली. राघोबादादा दक्षिणेकडे मोहिमेवर गेले असता सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके इत्यादी कारभारी व सरदार यांनी गुप्तपणे एकी केली. हेच बारभाईंचे कारस्थान होय. ‘बारभाई’ म्हणजे मोजून बारा माणसे नव्हेत, तर अनेकांनी मिळून चालविलेला कारभार. फलटणचे निंबाळकर, वाईचे रास्ते, औंधचे प्रतिनिधी आणि मिरज-तासगावचे पटवर्धन अशी कृष्णेच्या खोऱ्यातील व तिच्या आसपासची मातब्बर घराणी या पक्षाला मिळाली. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना जानेवारी १७७४ मध्ये सुरक्षिततेसाठी पुरंदर किल्ल्यावर नेण्यात आले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. मार्च महिन्यात पंढरपूरजवळ कासेगाव येथे राघोबादादांशी लढाई झाली. तीत बारभाईंचा पराभव होऊन त्रिंबकराव पेठे प्राणास मुकले. तरीही त्यांची एकी मोडली नाही.

१८ एप्रिल १७७४ रोजी गंगाबाईंना पुत्र झाला. हेच सवाई माधवराव. अवघ्या चाळीस दिवसांच्या या बालकाला साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. सहा-सात महिन्यांपूर्वी जी वस्त्रे बळाच्या जोरावर मिळविली गेली होती, ती आता न्याय्य हक्कदाराला लाभली. पुढे कारभाऱ्यांनी रामशास्त्र्यांनाही सन्मानाने परत बोलावून न्यायासनावर बसविले.

हे सर्व स्वस्तात झाले नाही. अडचणीत सापडलेल्या जॉनने पोपचा आश्रय घेतला होता आणि पोपने दोन-अडीच महिन्यांतच महासनद रद्द ठरविली होती. परिणामी इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले. राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय घेतला. मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरत येथे इंग्रजांशी तह केला आणि त्यातून मराठे व इंग्रज यांचे पहिले युद्ध उद्भवले. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना घेऊन पुण्यावर येणारी इंग्रजी फौज मराठ्यांनी वडगाव येथे कोंडून शरण आणली. इ. स. १७८१ मध्ये इंग्रज सेनापती गॉडार्ड बोरघाटातून माघार घेऊ लागला, तेव्हा तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांनी त्याच्या फौजेला हैराण केले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष सोडला, परंतु साष्टी बेट त्यांच्याकडेच राहिले. राघोबादादा पुढील वर्षी निवृत्त स्थितीत वारले.

या दोन्ही कथांतून एक गोष्ट ध्यानात येते. सरदारांचे बळ नसते, तर रामशास्त्र्यांचा निवाडा हवेत विरून गेला असता. आणि निवाडा नसता, तर बारभाईंचा उठाव हा सत्तेसाठी झालेला आणखी एक तंटा ठरला असता. निवाड्याने बळाला नीतीचा आधार दिला आणि बळाने निवाड्याला हात दिले. हे सरदार सर्वस्वी निःस्वार्थी होते, असे मात्र नव्हे. इंग्लंडच्या सरदारांना आपल्या जमिनी राखावयाच्या होत्या, आणि त्यांच्या सनदेतील मुख्य हक्क स्वतंत्र माणसांपुरते होते. जमिनीशी जखडलेल्या असंख्य कुळांना त्यांचा लाभ नव्हता. बारभाईंनाही आपल्या जहागिरी व अधिकार प्रिय होते. तरीसुद्धा त्यांच्या हातून सत्तेला मर्यादा घातली गेली.

दोहोंत एक भेदही आहे. इंग्लंडमधील मर्यादा लिहून ठेवलेली होती. पोपने ती रद्द केली, पण जॉनच्या मृत्यूनंतर इ. स. १२१६, १२१७ व १२२५ मध्ये ती सनद काही फेरफारांसह पुन्हा जाहीर झाली आणि पुढच्या पिढ्यांना तिच्याकडे बोट दाखविता आले. महाराष्ट्रातील मर्यादा थोर माणसांच्या शीलावर उभी होती. इ. स. १७८९ मध्ये रामशास्त्री वारले, १८०० मध्ये नाना फडणीस वारले आणि तो अंकुश नाहीसा झाला. राघोबादादांचेच पुत्र दुसरे बाजीराव त्या वेळी पेशवे होते. त्यांनी इ. स. १८०१ मध्ये विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देऊन मारविले. या क्रूर शिक्षेपासून धन्याला परावृत्त करील, असा रामशास्त्री तेव्हा दरबारात नव्हता. विठोजींचे बंधू यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले, बाजीराव पळाले आणि डिसेंबर १८०२ मध्ये वसईच्या तहाने त्यांनी इंग्रजांचे मांडलिकत्व पत्करले. सोळा वर्षांत पेशवाई बुडाली.

भारताचे संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले. कायद्यापुढे सर्व समान आहेत, हे तत्त्व त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे सत्ताधाऱ्याचा न्याय कोणी करावयाचा, या जुन्या प्रश्नाचे उत्तर आता एखाद्या थोर पुरुषाच्या जन्माची वाट पाहत नाही. तथापि लिहिलेली अक्षरे स्वतः बोलत नाहीत; ती निर्भयपणे वाचून दाखविणारा मनुष्य लागतोच. महासनदेमुळे लेखाचे मोल कळते आणि माहुलीच्या रामशास्त्र्यांमुळे अशा माणसाचे मोल कळते.